जुना दूरचित्रवाणी संच आणि त्याची लाकडी पेटी

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात रोहिणखेड नावाचे एक जुने गाव आहे. १४३७ आणि १५९० साली येथे लढाया झाल्या. १५८२ साली बांधलेली येथील मशीद प्रसिद्ध आहे. अशा गावात जुनी वस्तू म्हटली की तलवार, नाणे किंवा शिलालेख डोळ्यांपुढे येतो. परंतु रोहिणखेडसारख्या गावांतील एखाद्या घराच्या माळ्यावर चार पायांची, सरकत्या दाराची एक लाकडी पेटीही सापडण्याचा संभव आहे. तिच्या आत काचेचा फुगीर पडदा असतो, बाजूला दोन-तीन बटणे असतात आणि मागे भोके पाडलेला पुठ्ठ्यासारखा पडदा असतो. हा कृष्णधवल दूरचित्रवाणी संच होय. तोही आता जुन्या वस्तूंत जमा झाला आहे.

असा संच हाती आला की दोन विचार मनात येतात. एक, भंगारात देऊन मोकळे व्हावे. दुसरा, वायर जोडून चालतो का ते पाहावे. हे दोन्ही विचार धोक्याचे आहेत. का, ते या लेखात पाहू. त्याचबरोबर असा संच पुन्हा सुरू करण्यामागचे विज्ञानही समजून घेऊ.

संच खेड्यात उशिरा का आला?

भारतात दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मग रोहिणखेडला तेव्हाच मुंबईचे चित्र का दिसले नाही?

याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर क्षितिजापर्यंत पोचते आणि पुढे जमीन खाली वळत गेल्यामुळे ती डोक्यावरून निघून जाते. मनोऱ्याची उंची h आणि पृथ्वीची त्रिज्या R असेल, तर क्षितिजाचे अंतर २Rh च्या वर्गमुळाइतके येते. वरळी येथील दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. R = ६४०० किलोमीटर आणि h = ०.३ किलोमीटर घेतल्यास हे अंतर सुमारे ६२ किलोमीटर भरते. घरावरील एरियल ९ मीटर उंचीवर असेल, तर त्याचे क्षितिज सुमारे ११ किलोमीटरवर असते. दोन्ही मिळून ७३ किलोमीटर. हवेमुळे लहरी किंचित वाकतात, म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक अंतर गाठता येते. रोहिणखेड मात्र मुंबईपासून सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे, आणि मध्ये सह्याद्री आहे!

ही अडचण दूर झाली ती उपग्रहामुळे. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ बी हा उपग्रह सोडण्यात आला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो सबंध देशाला दिसत असे. त्याच्याकडून आलेला संदेश पकडून आसपासच्या भागात पुन्हा प्रक्षेपित करणारी लहान केंद्रे १९८४ पासून झपाट्याने वाढली. म्हणून आपल्याकडील खेड्यांत सापडणारे बरेच संच १९८० नंतरचे असतात. त्याहून जुना संच असेल, तर तो एखाद्या नातेवाइकाने शहरातून आणलेला असण्याची शक्यता अधिक.

संचाचे वय शोधणे हा दुरुस्तीचा पहिला धडा आहे. मागील पट्टीवरचा क्रमांक, पेटीत राहिलेली पावती किंवा जुने परवाना-पुस्तक यांवरून ते कळते. त्या काळी दूरचित्रवाणी संचासाठी परवाना घ्यावा लागत असे. आत काचेच्या निर्वात नलिका, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांच्या भाषेत ‘व्हॉल्व्ह’ दिसले तर संच बहुधा १९७० च्या दशकातील असतो. केवळ ट्रान्झिस्टर आणि एकात्मिक मंडले दिसली तर तो नंतरचा असतो. नलिकांवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे नाव आढळले तर नवल नाही. हा कारखाना नलिका आणि चित्रनलिका या दोन्हींचे उत्पादन करीत असे.

पेटीच्या आत

संचाचा सर्वांत मोठा भाग म्हणजे चित्रनलिका. तिच्या अरुंद मानेत एक लहानसा तापक असतो. तो ऋणाग्राला लालबुंद करतो आणि ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पडद्याच्या बाजूला सुमारे १६,००० व्होल्टचे धन विभव दिलेले असते. त्यामुळे हे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ७३ हजार किलोमीटर वेगाने पडद्यावर आदळतात. पडद्याच्या आतल्या बाजूला प्रस्फुरक पदार्थाचा लेप असतो. इलेक्ट्रॉन आदळले की तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो.

एका ठिपक्याचे चित्र कसे होते? मानेभोवती बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यांमुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते इलेक्ट्रॉन शलाकेला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवते. आपल्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा असतात आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. म्हणजे शलाका सेकंदाला ६२५ × २५ = १५,६२५ वेळा आडवी धावते. एका रेषेला फक्त ६४ मायक्रोसेकंद मिळतात. आपण शेत नांगरतो तशी ही क्रिया आहे. फरक इतकाच, की शलाका परत येताना काम करीत नाही, अंधारातच परत येते.

या परतीच्या प्रवासातच एक मोठे काम साधून घेतलेले असते. रेषा संपताच वेटोळ्यांतील विद्युतप्रवाह एकदम बदलतो. प्रवाह जितका झटपट बदलेल, तितके प्रवर्तित विभव मोठे, हा फॅरेडेचा नियम तुम्ही शिकला आहात. या क्षणिक धक्क्याला विशिष्ट रोहित्रातून वाढवून पडद्याचे हजारो व्होल्ट मिळवले जातात. हे रोहित्र सेकंदाला १५,६२५ वेळा किंचित थरथरते आणि एक बारीक शिटीसारखा आवाज येतो. शाळकरी मुलांना हा आवाज स्पष्ट ऐकू येई. घरातील आजोबांना मात्र तो ऐकू येत नसे, कारण वयाबरोबर उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकण्याची क्षमता कमी होते.

नलिकांच्या संचात आणखी एक पाहण्यासारखी रचना असते. सर्व नलिकांचे तापक एकसरीत जोडलेले असतात आणि त्यांतून ०.३ अँपिअर प्रवाह वाहतो. पीएल ५०४ या नलिकेला २७ व्होल्ट, पीवाय ८८ ला ३० व्होल्ट, पीसीएफ ८०२ ला ९ व्होल्ट लागतात. समजा, सर्वांची बेरीज १३० व्होल्ट झाली. घरातील दाब २३० व्होल्ट आहे. उरलेले १०० व्होल्ट एका रोधकात खर्च करावे लागतात. ओहमच्या नियमाने हा रोधक १०० ÷ ०.३, म्हणजे सुमारे ३३३ ओहमचा येतो, आणि त्यात १०० × ०.३ = ३० वॅट उष्णता निर्माण होते. मागील पडद्याला भोके का असतात, हे आता लक्षात येईल. त्यावर कापड टाकणे किंवा पेटी भिंतीला चिकटवून ठेवणे हा संचाचा गळा दाबण्याचाच प्रकार होय.

सावधान!

येथे थोडे थांबले पाहिजे. जुना संच उघडणे हे विद्यार्थ्याने एकट्याने करण्याचे काम नाही. त्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण : अशा अनेक संचांत धातूचा सांगाडा घरातील विजेच्या एका तारेला सरळ जोडलेला असतो. पिन उलटी बसली तर सबंध सांगाड्यावर २३० व्होल्ट येतात. बटणाची टोपी निघालेली असेल, तर उघड्या दांड्याला हात लावणेही प्राणावर बेतू शकते.

दुसरे कारण : पिन काढल्यावरही वीज संपत नाही. धारित्रात, म्हणजे बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात त्यात, ती साठून राहते. साठलेली ऊर्जा ½CV² इतकी असते. वीजपुरवठ्यातील २०० मायक्रोफॅरडचे धारित्र ३०० व्होल्टला भारलेले असेल तर ही ऊर्जा ९ जूल होते.

तिसरे कारण : चित्रनलिका स्वतःच एक धारित्र आहे. तिच्या काचेच्या आतबाहेर वाहक लेप असतात. तिची धारिता केवळ १५०० पिकोफॅरड धरली, तरी १६,००० व्होल्टला सुमारे ०.१९ जूल ऊर्जा साठते. म्हणजे कमी व्होल्टच्या धारित्रात जवळजवळ पन्नासपट अधिक ऊर्जा आहे. केवळ व्होल्ट पाहून धोका मोजू नये, हा धडा येथे मिळतो. मात्र नलिकेचा धक्का लहान म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. त्या झटक्याने हातातली नलिका सुटते, आणि त्यातून चौथे कारण उभे राहते.

चौथे कारण : नलिकेत निर्वात असते. तिचा पडदा ४० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा सुमारे १ किलोग्रॅम भार असतो. म्हणजे केवळ समोरच्या काचेवर १२०० किलोग्रॅम भार! मानेला धक्का लागून काच तडकली तर ती आत कोसळते आणि तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. शिवाय नलिकेच्या काचेत शिसे असते. भंगारात नलिका फोडणाऱ्याला म्हणूनच दुहेरी धोका असतो.

तेव्हा संच उघडणे, साठलेली वीज जमिनीत सोडणे, नलिका हाताळणे ही कामे जाणत्या तंत्रज्ञाकडेच सोपवावीत. विद्यार्थ्यांनी निरीक्षण, नोंदी, आकडेमोड आणि पेटीचे काम करावे. पेटीचे कामही आतील सर्व यंत्रणा तंत्रज्ञाने बाहेर काढून बाजूला ठेवल्यानंतरच करावयाचे आहे.

तंत्रज्ञ कामाला कसा लागतो?

चांगला तंत्रज्ञ प्रथम वीज जोडत नाही, हे त्याचे लक्षण. तो आधी प्रत्येक तारेची जागा लिहून घेतो, छायाचित्रे काढतो. नंतर मऊ ब्रशने धूळ काढतो. उच्च दाबामुळे धूळ ओढली जाते. ओलाव्याने ती वाहक बनते आणि ठिणग्या पडू लागतात.

नंतर तो धारित्रांकडे वळतो. वीजपुरवठ्यातील धारित्रात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. त्याची जाडी मायक्रॉनच्या अंशात मोजावी लागते. हाच थर विजेला अडवतो. संच वर्षानुवर्षे बंद राहिला की हा थर झिजतो. अशा वेळी एकदम पूर्ण दाब दिला तर धारित्रातून मोठा प्रवाह जातो, ते तापते आणि फुटूही शकते. दाब हळूहळू वाढवत नेला तर विजेच्याच साहाय्याने थर पुन्हा तयार होतो. जी धारित्रे सुधारत नाहीत, ती बदलावी लागतात. कागदी धारित्रे ओलावा शोषतात, त्यामुळे ती बहुधा बदलावीच लागतात.

आता पहिली चाचणी. संचाच्या एकसरीत १०० वॅटचा तंतूचा दिवा जोडला जातो. संचात कोठे शॉर्ट सर्किट असेल तर दिवा लख्ख पेटून तसाच राहतो; प्रवाह मात्र १०० ÷ २३०, म्हणजे सुमारे ०.४३ अँपिअरपेक्षा वाढू शकत नाही. दिवा सर्व दाब स्वतःवर घेतो आणि संच वाचतो. एलईडी दिवा येथे उपयोगी नाही. तंतूचा रोध तापमानाबरोबर वाढतो, याच गुणाचा येथे उपयोग होतो.

यापुढचे काम वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे आहे. लक्षणांवरून दोष ओळखायचा. काही उदाहरणे पाहा :

१. एकाही नलिकेचा तापक पेटत नाही : एकसरी कोठेतरी तुटली आहे. गणपतीच्या आराशीतील एकसरीच्या दिव्यांचा अनुभव आठवा.

२. आवाज येतो, पण पडदा काळाच : हजारो व्होल्ट निर्माण करणारा भाग बंद असण्याची शक्यता.

३. पडद्याच्या मध्ये एकच आडवी तेजस्वी रेषा : शलाका आडवी धावते, पण वरखाली होत नाही. उभ्या विचलनाच्या मंडलात दोष. अशा वेळी संच चालू ठेवू नये. रेषेच्या जागी लेप जळतो.

४. चित्र चारही बाजूंनी आक्रसलेले : पुरवठ्याचा दाब कमी पडतो आहे.

५. चित्र फिकट, चंदेरी, संच तापल्यावर थोडे सुधारणारे : चित्रनलिकेचा ऋणाग्र थकला आहे. हा दोष सर्वांत कठीण, कारण कृष्णधवल चित्रनलिका आता नव्या मिळत नाहीत.

प्रत्येक लक्षणातून संचाचा एकेक विभाग वेगळा काढता येतो, हे तुमच्या ध्यानात आले असेल. दोष शोधणे म्हणजे अंदाजाने भाग बदलत जाणे नव्हे.

पेटीचे विज्ञान

आता पेटीकडे वळू. ती पाहताना सबंध सागवानी वाटते, पण बहुधा ती प्लायवुडची असते आणि वर सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. यामागे केवळ काटकसर नाही. लाकूड ओलावा शोषून फुगते, परंतु सर्व दिशांनी सारखे नाही. तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ फुगत नाही. आडव्या दिशेने बरेच फुगते. प्लायवुडमध्ये एका थरावर दुसरा थर काटकोनात चिकटवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक थर शेजारच्याला आवर घालतो. थरांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो.

बुलढाणा जिल्ह्यात मे महिन्यात कोरडी, कडक हवा आणि जुलैत दमट हवा असते. असे अनेक उन्हाळे-पावसाळे सोसल्यावर कडेचा पापुद्रा सुटतो, फुगा धरतो. जुना सरस वापरलेला असेल तर काम सोपे होते. सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून मिळणारा प्रथिनयुक्त पदार्थ असून तो ऊब आणि ओलावा मिळताच पुन्हा मऊ होतो. ओलसर कापडावरून कोमट इस्त्री फिरवून, वर सपाट फळी आणि वजन ठेवले की पापुद्रा बसतो. कृत्रिम राळेचा गोंद मात्र असा मऊ होत नाही. तेथे सुटलेल्या भागाखाली नवा गोंद भरावा लागतो.

पेटीखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली, तर लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे ते काम असते. मातीच्या बोगद्यांसारख्या रेषा दिसल्या तर ती वाळवी. सागाच्या गाभ्यात कीटकांना न मानवणारी द्रव्ये असतात, म्हणून तो टिकतो. पण आतले थर हलक्या लाकडाचे असतील तर तेथे कीड शिरते. असा भाग कापून नवा तुकडा बसवणे हाच खरा उपाय.

पेटीचे पॉलिश कशाचे आहे? एक सोपी परीक्षा आहे. पेटीच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक थेंब कापसाने लावा. भाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश होय. काहीच झाले नाही तर ते दुसऱ्या प्रकारचे वार्निश असावे. लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या एका लहान कीटकाची देणगी आहे. तिची चपडी स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट उडून गेले की लाखेचा पातळ थर उरतो. हा भौतिक बदल आहे. म्हणूनच लाखेचे जुने पॉलिश खरवडून न काढताही दुरुस्त होते. स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेला कापडाचा बोळा हलक्या हाताने फिरवला की जुना थर थोडा विरघळून ओरखडे भरून येतात. त्यावर चपडी लाखेच्या द्रावणाचे पातळ हात द्यावेत. पावसाळी हवेत हे काम करू नये. ओलाव्यामुळे पॉलिशवर पांढुरके डाग पडतात. स्पिरिट ज्वालाग्राही आणि विषारी आहे, तेव्हा काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावे.

काचकागद घासायचाच असेल तर बारीक घ्यावा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावा. सागाचा पापुद्रा अतिशय पातळ असतो. जोराने घासले तर खालचे हलके लाकूड उघडे पडते आणि ती चूक पुन्हा भरून काढता येत नाही.

सरकते दार म्हणजे जाड कापडावर शेजारी शेजारी चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या. कापड वळते, म्हणून दार खोबणीतून कोपऱ्यावर वळते. दार अडकत असेल तर तेल घालू नये. तेल धूळ धरते आणि कापडात मुरून पट्ट्या सोडवते. खोबणीत मेणबत्ती घासली की पुरे.

चित्र आणायचे कोठून?

संच दुरुस्त झाला, एरियल जोडले, आणि पडद्यावर फक्त मुंग्या दिसल्या, तर निराश होऊ नका. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची बहुतेक सर्व भूप्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली. हवेतून आता संचाला समजेल असे चित्र येतच नाही. डीटीएच पेटीतून निघणारा चित्र व ध्वनी यांचा संदेश जुन्या संचाच्या वाहिनीवर बसवून देणारे ‘आरएफ मॉड्युलेटर’ नावाचे लहान यंत्र मध्ये जोडावे लागते. जुन्या संचाची एरियलची चपटी तार ३०० ओहमची आणि आजची गोल केबल ७५ ओहमची असते. त्यांचा मेळ घालण्यासाठी लहानसे रोहित्र लागते. रंगीत चित्र कृष्णधवल संचावर काळे-पांढरे दिसते, कारण रंगीत पद्धत आखतानाच जुन्या संचांची सोय ठेवलेली होती.

आणि त्या मुंग्या? त्या निव्वळ निरुपयोगी नाहीत. त्यांचा बराचसा भाग संचातील घटकांच्या उष्णतेमुळे आणि आसपासच्या विद्युत उपकरणांमुळे येतो. परंतु अगदी लहानसा भाग विश्वाच्या आरंभीच्या काळापासून अवकाशात भरून राहिलेल्या प्रारणाचा असतो. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी ज्याचा शोध जाहीर केला, तेच हे प्रारण.

किती दुरुस्त करावे?

रोहिणखेडच्या मशिदीला कोणी चकचकीत फरशी बसवली आणि ऑइलपेंट दिला तर ती नवी दिसेल. पण १५८२ सालची राहणार नाही. संचाचेही तसेच आहे. जे टिकले आहे ते ठेवावे, जे धोकादायक आहे ते बदलावे, आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. काढलेले जुने भाग चिठ्ठी लावून पिशवीत जपावेत. पेटीवरील एखादा ओरखडा राहिला तरी चालेल.

चित्रनलिका तडकलेली किंवा मानेजवळ हवा शिरलेली असेल, तर संच सुरू करण्याचा हट्ट धरू नये. अशी नलिका उकिरड्यावर किंवा भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम याचसाठी आहेत. पेटी आणि इतर भाग मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत मांडता येतात. न चालणारा संचही शिकवू शकतो.

करून पाहा

१. टॉर्चचे तीन लहान दिवे एकसरीत जोडून ते घटांवर पेटवा. एक दिवा काढा. काय होते? नंतर तेच दिवे समांतर जोडून पाहा. हा प्रयोग फक्त घटांवरच करावा, घरातील विजेवर कधीही नाही.

२. प्लायवुडचा एक तुकडा आणि तेवढीच साधी फळी यांची लांबी-रुंदी मोजा. रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. कोणती दिशा अधिक वाढली?

३. तुमच्या गावाजवळ १०० मीटर उंचीचा मनोरा आहे असे समजा. घरावरील एरियल ४ मीटर उंच असेल तर लहरी किती अंतरापर्यंत पोचतील? (उत्तर : सुमारे ३६ + ७ = ४३ किलोमीटर.)

४. ४०० मायक्रोफॅरडचे धारित्र ३०० व्होल्टला भारले तर किती ऊर्जा साठेल? तेवढ्या ऊर्जेने १ किलोग्रॅम वस्तुमान किती उंच उचलता येईल? (उत्तर : १८ जूल, सुमारे १.८ मीटर.)

५. गावातील वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या गावात पहिला संच कोणत्या साली आला, आणि एरियल कोणत्या दिशेला वळवीत असत? मिळालेल्या दिशा नकाशावर काढा. त्या रेषा कोठे मिळतात, ते पाहिल्यास तुम्हाला त्या काळचे प्रक्षेपण केंद्र सापडेल.